आधी रोग पिकवावा लागतो

पारशिवनी तालुक्यातल्या शेतकरी घरातली एक मुलगी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकते. तिने विचारलं आहे: "गेल्या रब्बीत बाबांचा मका दाणा भरेपर्यंत हिरवागार होता. मग आठ-दहा दिवसांत निम्मी झाडं खालून वाळत गेली, धांडे मोडून पडले. धुऱ्यापलीकडे काकांचा मका मात्र शेवटपर्यंत उभा होता. जमीन तीच, पेंचच्या नहराचं पाणी तेच. काकांचा वाण वेगळा होता, आणि आमच्या वावरात खरिपाला सोयाबीन होतं, त्यांच्या बांधीत धान. आमच्या पिशवीवर तर 'रोगांस सहनशील' असं छापलेलं होतं. यासाठी एखादं जनुक आहे का? बाबा म्हणतात, जी झाडं उभी राहिली त्यांचंच बियाणं ठेवू. ठेवावं का? आणि सगळ्या रोगांना पुरून उरेल असा एकच वाण का निघत नाही?"

मक्याच्या पैदासकामात माझी बरीच वर्षं गेली. खरीप विदर्भात आणि छिंदवाड्याच्या बाजूला, हिवाळा हैदराबादला, असं ते चालायचं. तुमच्या प्रश्नात उत्तराचा अर्धा भाग तुम्हीच लिहिलेला आहे. त्याकडे येतोच, पण बियाण्याचा निर्णय घरात अडलेला असणार म्हणून आधी ते सांगतो.

ठेवू नका. आज बाजारात मिळणारे बहुतेक मका वाण एकेरी संकर असतात, म्हणजे दोन शुद्ध ओळींचा (पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागाने वाढवून एकसारख्या केलेल्या झाडांचा) एकच संकर. अशा वाणाच्या पिशवीतला प्रत्येक दाणा आनुवंशिकतेने जवळजवळ सारखाच असतो. बाबांच्या वावरात जे झाड पडलं आणि जे उभं राहिलं, ती दोन्ही एकाच रक्ताची सख्खी भावंडं, जवळजवळ जुळीच. उभ्या झाडात वेगळं जनुक नव्हतं. त्याच्या बुडाशी ओल जास्त टिकली असेल, शेजारचं झाड उगवलं नसल्याने त्याला मोकळी जागा मिळाली असेल, किंवा बुरशी त्याच्या मुळाशी उशिरा पोहोचली असेल. याला आम्ही 'सुटलेलं झाड' म्हणतो, प्रतिकारक म्हणत नाही. शिवाय ते बियाणं पुन्हा पेरलं की गुण फुटतात, झाडं उंच-बुटकी, मागेपुढे तुऱ्यात येणारी निघतात आणि संकराचा जोम निम्म्यावर येतो.

आता एक विचारतो. बाबांना आठवून सांगायला लावा: उभ्या राहिलेल्या झाडांची कणसं कशी होती? माझा अंदाज आहे की त्यांतली बरीच लहान किंवा अर्धवट भरलेली होती. हे कशावरून म्हणतो, ते पुढे येईल.

आधी रोग कोणता ते पक्कं करू. तुम्ही लिहिलेली लक्षणं फुलोऱ्यानंतरच्या खोडकुजीची आहेत. पण हा एक रोग नाही, तीन-चार बुरश्यांमुळे होणाऱ्या कुजीचं ते एकत्र नाव आहे. धांडा उभा फाडला की बुरशी ओळखू येते. आत गुलाबी-जांभळट झाक असेल तर फ्युजेरियम. गर सुटून नुसत्या शिरा सुतळीसारख्या उरल्या असतील आणि त्यांवर मिरपूड शिंपडावी तसे बारीक काळे कण असतील, तर मॅक्रोफोमिना. ज्वारीत आपण ज्याला खडखड्या म्हणतो, तोच हा. दाणा भरताना उन्हाचा तडाखा आणि पाण्याचा ताण एकत्र आले की तो उसळतो. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये नागपूरचं ऊन कसं चढतं हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून आणि हंगामावरून माझा कल खडखड्याकडे आहे, पण धांडा फाडल्याशिवाय शिक्का मारणार नाही.

तो असेल तर तुमच्या प्रश्नातलं सोयाबीन फार महत्त्वाचं ठरतं. ही बुरशी पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगते. सोयाबीनची मूळ-खोडकुज तिच्यामुळे होते, हरभऱ्याची कोरडी मूळकुजही तिच्यामुळेच. म्हणजे आपल्याकडचं सोयाबीन आणि मागून हरभरा हे चक्र तिला वर्षभर जेवू घालतं. पिकाच्या अवशेषांतले तिचे काळे कण कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात, पण पाण्याखालच्या चिखलात फार टिकत नाहीत. काकांच्या बांधीत खरीपभर पाणी उभं होतं. तेव्हा काकांचा मका वाणामुळे वाचला, की धानाच्या पाण्यामुळे, हे एका हंगामावरून तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही. पैदासकाराला नेमका हाच पेच जन्मभर सोडवावा लागतो. समोर निरोगी झाड उभं आहे, पण ते निरोगी का आहे?

आता जनुकाचं. एकाच जनुकाने एखादा रोग थोपवल्याची उदाहरणं मक्यात आहेत, आणि ती सुंदर आहेत. जगातल्या कुठल्याही वनस्पतीतून वेगळं काढून ओळखलेलं पहिलं रोगप्रतिकारक जनुक मक्याचंच, १९९२ सालचं. त्याचं नाव एचएम-१. कार्बोनम नावाची बुरशी एक विष सोडते आणि हे जनुक त्या विषाला निष्प्रभ करणारं विकर बनवतं. विकर असलं तर पानावर नुसते ठिपके पडतात, नसलं तर पानं, कणीस, सगळं करपतं. ते जनुक सापडलं कसं, तर बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यातच दाखवून दिलेल्या, जागा बदलणाऱ्या जनुकांच्या जातीच्या घटकांचा वापर करून. असा घटक नेमका त्या जनुकात जाऊन बसला आणि झाड रोगाला बळी पडू लागलं, की जनुकाचा पत्ता लागतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो.

टर्सिकम नावाच्या बुरशीमुळे पानांवर येणाऱ्या करप्याविरुद्ध एचटी-१, एचटी-२, एचटी-एन ही जनुकं आहेत. तांबेऱ्याविरुद्ध दहाव्या गुणसूत्रावर आरपी-१ नावाचा जनुकांचा अख्खा पुंजका आहे. पण अशा एकट्या जनुकाची गंमत फार दिवस टिकत नाही. एचटी-१ अमेरिकेत १९६०च्या दशकात वाणांमध्ये घातलं गेलं आणि पुढच्याच दशकात त्याला न जुमानणारी बुरशीची नवी जात दिसली. बुरशी एका हंगामात अब्जावधी बीजाणू सोडते. त्यांतल्या एकालाही ते एक कुलूप उघडता आलं तर पुढचा हंगाम त्याचा.

एकाच गोष्टीवर सगळा भार टाकण्याचं सर्वात मोठं उदाहरण १९७० सालचं. संकरित बियाणं तयार करताना मादी ओळीचे तुरे हाताने उपटावे लागतात. हे किती कष्टाचं काम आहे ते ज्यांनी भर उन्हात बायकांबरोबर प्लॉटमधून फिरून पाहिलं आहे त्यांनाच माहीत. ते टाळण्यासाठी अमेरिकेत टेक्सासमध्ये सापडलेलं नर-वंध्यत्व वापरलं जाऊ लागलं. त्याचं कारण पेशीकेंद्रात नाही, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेत असतं, म्हणून ते फक्त आईकडून येतं. तुरे उपटायची गरज संपली आणि बघता बघता देशातला चार-पंचमांशहून जास्त मका त्या एकाच आईच्या पेशीद्रव्यावर आला. वाणांची नावं वेगवेगळी, बाप वेगवेगळे, आई मात्र एक. तंतुकणिकेतल्या ज्या जनुकामुळे परागकण वांझ होत, त्याचंच प्रथिन मेडिस करप्याच्या (पानांचाच दुसरा एक करपा) बुरशीच्या एका नव्या जातीच्या विषाला दार उघडून देई. १९७० च्या एका हंगामात देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. या पेशीद्रव्याचा मका करप्याला जास्त बळी पडतो, हे फिलिपाइन्समधून १९६१ सालीच कळवण्यात आलं होतं. ते वाचणारे होते, मनावर घेणारे नव्हते. आजही मी कुठल्याही गावात सगळीकडे एकच वाण लावलेला पाहिला की हे आठवतं.

मग टिकाऊ प्रतिकारशक्ती कशाची? अनेक लहान जनुकांची. २०११ साली या प्रश्नावर मोठं काम प्रसिद्ध झालं. २५ वेगवेगळ्या ओळींचा एका समान ओळीशी संकर करून तयार केलेल्या सुमारे ५,००० संतती ओळी तपासल्या, तेव्हा मेडिस करप्याच्या प्रतिकाराशी जोडलेल्या, गुणसूत्रांवरच्या ३२ जागा सापडल्या आणि टर्सिकमच्या २९. प्रत्येक जागेचा वाटा अगदी थोडा. एकीने डाग थोडा उशिरा येतो, दुसरीने थोडा लहान राहतो, तिसरीने त्यावर बीजाणू कमी धरतात. बुरशीला एकदम हरवणारं यात कोणीच नाही. पण सगळे मिळून तिचा वेग इतका मंदावतात की ती वरच्या पानांपर्यंत पोहोचेतो दाणा भरून झालेला असतो. शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं. आणि एकाच बदलाने मोडता येईल असं इथे काही नसल्याने बुरशीलाही तोड काढणं अवघड जातं.

खोडकुजीत हे आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण तिथे झाडाची स्वतःची घडणही मध्ये येते. दाणा भरायला लागला की कणीस साखर ओढू लागतं. पानं पुरवू शकली तर ठीक. उन्हाने, पाण्याच्या ताणाने किंवा करप्याने पानं थकली, तर कणीस खोडात साठवलेली साखर ओढतं. रिकामं झालेलं खोड आतून मरायला लागतं आणि मुळाशी थांबलेली बुरशी वर चढते. म्हणून दाण्याने लगडलेलं झाड आधी पडतं, आणि ज्याला कणीसच धरलं नाही ते वांझ झाड हिरवंगार उभं राहतं.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत मी खोडकुजीच्या प्लॉटमधून सतत तीन हंगाम शेवटपर्यंत उभ्या राहणाऱ्या ओळी निवडत गेलो. चौथ्या हंगामाला त्यांचे संकर केले, आणि उत्पादनाचे आकडे आले तेव्हा तुलनेच्या वाणापेक्षा ते इतके खाली होते की मला वजनकाट्यावर शंका आली. काटा बरोबर होता. तीन वर्षं मी रोगप्रतिकारक ओळी निवडतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात कमी दाणा धरणाऱ्या ओळी निवडत होतो. एवढ्यासाठीच वर बाबांच्या उभ्या झाडांची कणसं विचारली. अशीच फसवणूक उशिरा तुऱ्यात येणाऱ्या ओळींचीही होते: बाकीच्या ओळी दाणा भरत असताना त्या अजून तरुण असतात, त्यामुळे एकाच दिवशी गुण दिले तर त्या नेहमी निरोगी ठरतात. म्हणून गुण तारखेने नाही, प्रत्येक ओळीच्या फुलोऱ्यापासून दिवस मोजून द्यायचे असतात.

यावरून पैदासीतली जी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. रोग आलाच नाही तर प्रतिकार दिसत नाही, तेव्हा आम्हाला आधी रोग पिकवावा लागतो, तोही सगळ्या प्लॉटवर सारखा. निसर्गावर सोडलं तर तो ठिगळाठिगळाने येतो आणि तुम्ही सुटलेल्या झाडांनाच हार घालत बसता.

करप्यासाठी ज्वारीचे दाणे उकळून, निर्जंतुक करून त्यांवर बुरशी वाढवतात, वाळवून भरडतात आणि पीक महिन्याचं झालं की संध्याकाळी चिमूट-चिमूट पोंग्यात टाकून वरून पाणी फवारतात. संध्याकाळीच, कारण रात्रभर पान ओलं राहायला हवं. मधून मधून हमखास बळी पडणाऱ्या ओळीचे तास लावतात, म्हणजे रोग सगळीकडे पसरतो आणि तो खरोखर आला होता याचा पुरावाही राहतो. ज्या हंगामात ती बळी पडणारी ओळ हिरवी राहिली, त्या हंगामाची वही बंद करून ठेवायची. त्यातल्या एकाही आकड्यावर निवड करायची नाही. पर्णकोष म्हणजे पानाचा खोडाला वेढणारा भाग; त्याच्या करप्यासाठी बुरशी लागलेले दाणे खालच्या पर्णकोषाच्या आत सारतात.

खडखड्यासाठी दातकोरण्या वापरतात. लाकडातले बुरशीला मारक घटक निघून जावेत म्हणून त्या पुन्हा पुन्हा उकळायच्या, निर्जंतुक करायच्या, बरणीत त्यांवर बुरशी चढू द्यायची. फुलोऱ्यानंतर जमिनीपासून दुसऱ्या पेरात सुयाने भोक पाडून एकेक खोचायची. कापणीआधी धांडा उभा फाडून बघायचं की काळेपणा त्याच पेरात अडला, की गाठ ओलांडून पुढे गेला, आणि १ ते ९ असे गुण द्यायचे. गाठ ओलांडली का, हेच मी सगळ्यात आधी बघत असे. या पद्धतीत एक खोट आहे ती मला कायम बोचली. शेतात बुरशी मुळातून येते आणि दातकोरणी मुळांना वगळून थेट खोडात नेऊन सोडते. म्हणजे ज्या ओळीचं मूळच बुरशीला आत येऊ देत नाही, तिचं ते श्रेय बुडतं. त्यामुळे दातकोरणीवर पास झालेल्या ओळी रोगट जमिनीत, फुलोऱ्यानंतर पाणी तोडून पुन्हा तपासल्याशिवाय मी पुढे सोडत नसे. यात एक हंगाम जास्त जातो. जाऊ द्यावा.

आता 'सगळ्या रोगांना एकच वाण'. आपल्या देशात मक्याच्या सुधारणेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९५७ पासून चालू आहे. त्यात रोगांची तपासणी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी होते, कारण प्रत्येक रोगाचं माहेर वेगळं: ज्वारीवरून येणाऱ्या केवड्यासाठी कर्नाटकातलं मंड्या, राजस्थानी केवड्यासाठी उदयपूर, पर्णकोष करप्यासाठी पंतनगर, खोडकुजीसाठी हैदराबाद. टर्सिकमला थंडी आणि दव लागतं, मेडिसला ऊब, खडखड्याला ऊन आणि कोरड. गुणसूत्रांवरच्या काही जागा पानांच्या एकाहून जास्त रोगांवर उपयोगी पडतात, पण पानाच्या करप्याचा प्रतिकार खोडकुजीला कामी येईलच असं नाही. पर्णकोष करप्याला तर पक्का प्रतिकार देणारा स्रोतच अजून हाती नाही, आहे तो मध्यम. त्यात दहा रोग धरायचे, प्रत्येकाच्या वीस-तीस लहान जागा, शिवाय उत्पादन, कालावधी, दाण्याचा रंग. सगळं एका ओळीत जमवायचं तर लाखो झाडं पाहावी लागतील. म्हणून पैदासकार भागाप्रमाणे दोन-तीन रोग निवडतो आणि बाकीच्यांत निदान फार दुबळा राहणार नाही एवढं बघतो.

पिशवीवर 'रोगांस सहनशील' असं मोघम लिहिलेलं असतं, त्याला माझ्या लेखी किंमत नाही. कोणत्या रोगाला, हे लिहिलेलं असेल तर वाचावं. शिवाय सहनशील म्हणजे रोग येतो, पण नुकसान कमी होतं. प्रतिकारक म्हणजे रोगच कमी वाढतो. शब्द दोन, अर्थही दोन.

तुम्ही शिकताय, म्हणून नव्या साधनांबद्दल थोडं. शुद्ध ओळ तयार करायला पूर्वी सहा-आठ पिढ्या स्वपरागीकरण करावं लागे. आता एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) झाडं काढून त्यांची गुणसूत्रं दुप्पट केली की दोन-तीन हंगामांत ओळ हाती येते. कर्नाटकात कुणिगलला २०२१ पासून असं केंद्र सुरू आहे. डीएनएच्या खुणांवरून निवड करण्यात एका जनुकाचं काम सोपं जातं. अल्मोड्याच्या संस्थेचा २००८ सालचा विवेक क्यूपीएम-९ हा पौष्टिक प्रथिनांचा मका असाच, ओपेक-२ या जनुकाच्या खुणेवरून निवडलेला. खोडकुजीसारख्या गुणात मात्र एकदोन खुणांनी भागत नाही, तिथे सगळ्या जीनोमवरच्या हजारो खुणांची बेरीज करून अंदाज बांधतात. तंत्र उत्तम आहे. पण त्या गणिताला शिकवायला आधी काहीशे ओळींचे खरे गुण लागतात, आणि ते येतात उकळलेल्या दातकोरण्या आणि फाडलेल्या धांड्यांतूनच. ते गुण कच्चे असतील, तर संगणक चुकीचंच फार वेगाने शिकेल. प्रयोगशाळेत जागा मिळाली तरी प्लॉट सोडू नका.

राहिलं येत्या रब्बीचं. खडखड्यावर फुलोऱ्यानंतर फवारून उपयोग होत नाही. शक्य असेल तर बाबांनी मका धानाच्या बांधीत घ्यावा, सोयाबीनमागे नको. झाडांची दाटी करू नये, पालाश चुकवू नये, आणि नहराची पाळी लांबणार असेल तर विहिरीचं एक ओलीत फुलोरा ते दाणा भरणं या काळासाठी राखून ठेवावं. पोटऱ्यात दिलेल्या दोन पाण्यांपेक्षा दाण्यात दिलेलं एक पाणी या रोगात जास्त कामाचं.

आणि एक काम तुमच्यासाठी. बाबांचा वाण आणि काकांचा वाण, दोन्हींचं ताजं बियाणं आणा. दोन्हींचे चार-चार तास बाबांच्या वावरात आणि चार-चार काकांच्या बांधीत, एकाच दिवशी पेरा. जमलं तर दोन्हीकडे तीन-तीन जागी. प्रत्येक तासाला निम्मी झाडं कधी फुलोऱ्यात आली ती तारीख लिहा. त्यानंतर चाळीस दिवसांनी प्रत्येक तासातली दहा झाडं, पडलेली-उभी न बघता ओळीने, फाडून काळेपणा किती पेरांत गेला ते मोजा. काकांचा वाण तुमच्या वावरातही उभा राहिला तर श्रेय वाणाचं. दोन्ही वाण बांधीत उभे आणि वावरात आडवे झाले, तर धानाच्या पाण्याचं. धांडा फाडायच्या आधी प्रत्येक झाडाचं कणीस काढून वेगळं वजन करा, आणि तो आकडा त्याच झाडाच्या गुणाशेजारी लिहा.